विमानात बसलेलं गाव

बीड शहरातून रेल्वेगाडी सुटली ती २०२५ साली. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीड ते अहिल्यानगर ही प्रवासी गाडी सुरू झाली. परळी वैजनाथला रूळ निजामाच्या काळापासूनचे. पण जिल्ह्याचं मुख्य ठिकाण तोवर एसटीच्या भरवशावर होतं. विमानतळ तर जिल्ह्यात आजही नाही. आकाशात उडायचं तर आधी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठायचा, आणि देशाबाहेर जायचं तर बहुतेक वेळा रात्रभर बसून मुंबई. परदेशवारीचा विनोद मराठीत ज्या कलाकृतीने घरोघरी पोचवला, ती अशा मुलखाच्या बोलीत बोलते. मुंबई-पुण्यात ती जन्मली नाही, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. विमान ज्याच्या डोक्यावरून रोज जातं त्याला त्याची गंमत उरत नाही.

ती कलाकृती म्हणजे लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. देशपांडे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. १९७० चं दशक सरत असताना त्यांनी हा प्रयोग उभा केला. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि रंगमंचावर माणूसही एकच. सुमारे तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा त्या एका माणसाच्या अंगातून येऊन जात. वेश बदलायला सवड नाही, विंगेत जाऊन दम खायची सोय नाही. या पराक्रमासाठी त्यांचं नाव गिनीजच्या जागतिक विक्रमांत गेलं. पुढे ध्वनिफिती निघाल्या आणि ज्या गावात नाट्यगृह नव्हतं तिथेही ‘वऱ्हाड’मधला बबन्या पोचला. लग्नघरात, पानटपरीवर, लांबच्या प्रवासात टेपरेकॉर्डर लावून माणसं ‘वऱ्हाड’ ऐकत. अनेकांनी ते पाहण्याआधी पाठ केलेलं असायचं.

इतकं सगळं होऊनही त्याची एक बाजू दुर्लक्षित राहिली. ५२ पात्रांचा विक्रम सगळ्यांना ठाऊक, बोलीची नक्कल सगळ्यांना येते. पण परदेशप्रवासाची गोष्ट म्हणून त्याकडे क्वचितच पाहिलं गेलं. त्या अंगाने पाहिलं तर लक्षात येतं की प्रवासाचा विनोद कसा रचावा, याची फार नेमकी समज या माणसाकडे होती.

गोष्ट साधी आहे. गावाकडच्या घरातलं लग्न लंडनला लागायचं ठरतं, आणि वऱ्हाड विमानाने निघतं. यातलं कौशल्य प्रवासी निवडण्यात आहे. एकटा माणूस परदेशी जातो तेव्हा तो पाहुणा असतो; जपून बोलतो, इतरांचं बघून चमचा धरतो. वऱ्हाड मात्र कधीच पाहुणं नसतं. मराठवाड्यातलं वऱ्हाड म्हणजे चालती-बोलती संस्था. त्यात मानाने पुढे बसवायची वडीलधारी असतात, रुसायचा हक्क असलेले जावई असतात, आहेर उलटसुलट करून बघणाऱ्या बाया असतात, कामापुरते आठवले जाणारे आणि प्रत्यक्षात सगळं ओढून नेणारे भावकीतले पोरगे असतात. कोणाला बोलावलं, कोणाला विसरलं, कोणाला कोणाच्या शेजारी बसवलं, यावरून तिथे पुढची दहा वर्षं बोलणं चालतं. बैलगाडीतून निघालेल्या, ट्रकमधून निघालेल्या, एसटी ठरवून निघालेल्या वऱ्हाडाचे नियम एकच. देशपांड्यांनी वाहन तेवढं बदललं. नियम तसेच ठेवले आणि हवाईसुंदरीसमोर, पट्टा बांधायच्या खुर्चीत, सातासमुद्रापार नेऊन ते लागू केले. हसू येतं ते त्यातून.

तो काळही समजून घ्यायला हवा. त्या वेळी भारतीय पाहुण्याला ब्रिटनला जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नसे. ती सक्ती १९८६ साली आली. त्यामुळे उठलं आणि लंडनला निघालं, ही कल्पना आज वाटते तितकी अशक्य तेव्हा नव्हती. अडचण वेगळीच होती. परकीय चलन सरकारच्या मुठीत होतं, १९७३ च्या कायद्याने डॉलर-पौंडांवर कडक पहारा बसवला होता आणि विमानाचं भाडं शेतकरी घराला परवडणारं नव्हतं. शिवाय उतरल्यावर खरी परीक्षा. हीथ्रोवरचा अधिकारी आत घ्यायचं की नाही हे तिथल्या तिथे ठरवी. १९७९ च्या जानेवारीत, लग्नासाठी लंडनला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रोवर कौमार्य तपासणी केली गेली. ‘गार्डियन’ने ती बातमी छापल्यावर भारतात आणि ब्रिटनमध्ये संतापाची लाट उठली आणि ती प्रथा बंद करावी लागली. लग्नासाठी येणारा भारतीय माणूस त्या विमानतळावर किती संशयाने पाहिला जात होता, हे यावरून कळावं. साधारण त्याच सुमारास मराठवाड्यातला एक प्राध्यापक आपल्या गावकऱ्यांना त्याच शहरात घेऊन गेला. ते तिथे चुकतात, गोंधळतात, ओरडतात. पण आपण इथे येण्याच्या लायकीचे आहोत का, ही शंका त्यांच्या मनाला शिवत नाही. ‘वऱ्हाड’चा सगळा आनंद या निःशंकपणात आहे.

हे साधलं त्यात एकपात्री रूपाचा वाटा मोठा. कॅमेऱ्याला लंडन दाखवावंच लागतं. पूल, घड्याळाचा मनोरा, लाल बस एकदा पडद्यावर आली की प्रेक्षकाची नजर तिकडे वळते आणि गावातला माणूस त्या चित्रासमोर लहान दिसायला लागतो. रिकाम्या रंगमंचावर ते होत नाही. तिथे लंडन म्हणजे गावकऱ्याच्या तोंडून आलेलं लंडन. त्याला दिसलं तेवढंच आणि दिसलं तसंच. विमान म्हणजे नटाच्या मानेचा झोल आणि मुठीत पकडलेली खुर्ची. ही रीत मराठवाड्याला नवी नव्हती. आख्यान लावणारा कीर्तनकार एकाच तोंडाने राजा, राणी, प्रधान आणि दारातला भिकारी बोलून जातो. बहुरूपी तेच करी, भारुडातही तेच. देशपांड्यांनी नाट्यशास्त्र शिकवलं विद्यापीठाच्या वर्गात, पण हा प्रयोग बांधला तो देवळाच्या ओट्यावरच्या परंपरेवर.

बोलीबद्दलही बोललं पाहिजे. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर बराच काळ गावाकडची बोली म्हणजे गड्याची, मोलकरणीची, हवालदाराची. दोन प्रवेशांत येऊन हशा मिळवायचा आणि चहाचा ट्रे घेऊन आत जायचं. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांसाठी हा भाग तसा परकाच. ‘वऱ्हाड’मध्ये ही बोली तीन तास मुख्य आसनावर बसली. ती बोलणारी माणसं भोळी आहेत, हट्टी आहेत, एकमेकांवर जळणारी आहेत, आणि प्रेमळही आहेत. अख्खं माणूसपण त्यांच्या वाट्याला आलं. पुण्याच्या नाट्यगृहातला प्रेक्षक आधी आवाजाला हसला असेल, पण तीन तास नुसत्या आवाजाला कोणी हसत नाही.

परदेशवारीचा विनोद जगात इतरत्र कसा घडला, हे पाहायला जपानकडे जावं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नागरिकाला नुसतं फिरायला म्हणून परदेशी जाता येत नव्हतं. १ एप्रिल १९६४ रोजी ती बंदी उठली, तीही वर्षातून एकदा आणि ५०० डॉलरच्या मर्यादेत. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने ‘जालपॅक’ नावाच्या सामूहिक सहली विकायला काढल्या. आणि सिनेमावाल्यांनी विनोदाची ही नवी खाण लगेच ओळखली.

तोहो कंपनीचा १९६७ चा ‘कुरेजी ओगोन साकुसेन’ हा त्यातला दणदणीत नमुना. ‘क्रेझी कॅट्स’ नावाचा जाझ वाजवणारा आणि विनोद करणारा संच तेव्हा जपानमध्ये अफाट लोकप्रिय होता. त्यातले उएकी हितोशी, हाना हाजिमे आणि तानी केई या चित्रपटात अनुक्रमे जुगारी भिक्षू, राजकारणी आणि डॉक्टर होऊन अमेरिकेला निघतात. अडीच तासांहून मोठा हा चित्रपट, आणि त्याचं शिखर म्हणजे लास व्हेगासच्या हमरस्त्यावर मधोमध त्यांनी केलेला नाच. वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेसमोर शरण आलेल्या देशाचे विनोदी नट अमेरिकेच्या झगमगत्या रस्त्यावर आपल्याच गाण्यावर नाचतात. जपानबाहेर हा चित्रपट फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि ते अन्यायाचं आहे.

पण ‘वऱ्हाड’च्या जवळचं नातं लागतं ते दुसऱ्या एका चित्रपटाशी. यामादा योजी यांच्या लेखणीतून उतरलेली ‘ओतोको वा त्सुराई यो’ ही मालिका १९६९ ते १९९५ या काळात ४८ चित्रपटांपर्यंत गेली. प्रत्येकात अत्सुमी कियोशी हा एकच नट तोरा नावाचा फिरता विक्रेता झाला, आणि त्याचीही नोंद गिनीजने घेतली. मालिकेतला चौथा चित्रपट १९७० चा, कोबायाशी शुन्इची यांनी दिग्दर्शित केलेला. तोराला घोड्यांच्या शर्यतीत घबाड मिळतं. ज्या काका-काकूंनी आपल्याला सांभाळलं त्यांना हवाईची सहल घडवायची, असं तो ठरवतो. गल्लीभर डंका पिटला जातो, निरोपाला सगळी आळी जमते, आणि ऐन निघायच्या दिवशी कळतं की सहल कंपनीचा मालक पैसे घेऊन पसार झालाय. आता शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? मग हे कुटुंब हवाईला गेल्याचं सोंग करून आपल्याच दुकानात, दिवे मालवून, लपून बसतं. त्यात चोर शिरतो, आणि चोराला पकडून आरडाओरडा करायचीही सोय राहत नाही.

परदेशप्रवासावरचा हा चित्रपट, आणि त्यात कोणी परदेशी पाऊलही टाकत नाही. सगळा विनोद निघण्याचा आहे, निरोपाचा आहे, गल्लीत काय म्हणतील याचा आहे. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ही गोष्ट काही न बदलता घडू शकते. पाणावलेल्या डोळ्यांनी निरोप द्यायला पंचवीस माणसं स्टँडवर आली आणि जाणं रद्द झालं, तर परत गल्लीत शिरायचं कसं, हा प्रश्न टोकियोच्या काठावरच्या, तोराच्या शिबामाताला जसा पडतो तसाच केजला किंवा धारूरला पडेल.

पुढे तोरा खरोखरच परदेशी गेला, १९८९ च्या एकेचाळिसाव्या चित्रपटात, व्हिएन्नाला. जीव द्यायला निघालेल्या एका थकल्या नोकरदाराला तो वाचवतो आणि त्याच्या हट्टापायी ऑस्ट्रियात पोचतो. तिथलं संगीत, राजवाडे यांचं तोराला काही नाही. त्याच्या ओळखी होतात त्या तिथे राहणाऱ्या जपानी बायकांशी, आणि बोलणी होतात ती घराची.

मराठीत याच्या उलट टोकाला ‘अपूर्वाई’ आहे. १९६० साली आलेलं पु. ल. देशपांडे यांचं हे पुस्तक इंग्लंड-युरोपकडे प्रेमाने आणि मिश्कीलपणे पाहतं. ‘पूर्वरंग’मध्ये ते जपानलाही जातात. पण त्यांचा प्रवासी शिकलेला आहे, शेक्सपिअर वाचून निघालेला आहे. लंडन त्याच्या मनात आधीच बांधलेलं होतं. गावकऱ्याचं तसं नसतं. आणि असा गावकरी केवळ कल्पनेतला नव्हे. विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या, शाळेत न गेलेल्या राधाबाई वनारसे लंडनमध्ये राहिल्या, भारतीय विद्यार्थ्यांना घर आणि जेवण देत मोठ्या झाल्या आणि ‘लंडनच्या आजीबाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. सरोजिनी वैद्य यांनी त्यांची कहाणी पुस्तकरूपाने सांगितली आहे. इंग्रजीवाचून लंडन जिंकणारी मराठी बाई आधी प्रत्यक्षात होती. रंगमंच आणि पडदा तिच्यामागून आले.

पडद्याला जरा जास्तच वेळ लागला. २०१२ साली पुण्याच्या गौरी शिंदे यांनी ‘इंग्लिश विंग्लिश’ केला. भाषा हिंदी, पण नायिका शशी गोडबोले, लाडू करून विकणारी पुण्याची गृहिणी. भाचीच्या लग्नासाठी ती एकटी न्यूयॉर्कला जाते. इथेही निमित्त लग्नच! शिंदे यांनी हा चित्रपट लोणच्याचा घरगुती धंदा चालवणाऱ्या आपल्या आईवरून सुचल्याचं सांगितलं आहे. २०१४ मध्ये तो जपानमध्ये ‘मॅडम इन न्यूयॉर्क’ या नावाने लागला आणि तिथल्या बायकांनी तो उचलून धरला. कॉफीच्या दुकानात ऑर्डर देताना शशीची जी त्रेधा उडते, ती त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

मग २०२१ च्या १९ नोव्हेंबरला हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. नाट्यगृहं-चित्रपटगृहं नुकतीच उघडली होती, तीही निम्म्या खुर्च्यांवर. तरी गर्दी झाली. सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्यासह सात बायका, इंग्लंडची सहल आणि सिद्धार्थ चांदेकरचा कोवळा टूर मॅनेजर. केवळ बायकांच्या सहली वीणा पाटील यांनी केसरी टूर्समध्ये असताना ‘माय फेअर लेडी’ नावाने रुळवल्या होत्या. त्या सहलींतून परतलेल्या बायकांना हा चित्रपट आपला वाटला. २०२२ मध्ये ‘दे धक्का २’ने जाधव कुटुंबाला लंडनला नेलं. चित्रपट चालले, हसवून गेले. उणीव एकच वाटते. यातलं इंग्लंड फार देखणं आहे. हिरवळ, दगडी घरं, सोनेरी ऊन यांत माणसांचे आपसातले हेवेदावे विरघळून जातात. ‘वऱ्हाड’मध्ये ते शेवटपर्यंत विरघळत नाहीत, म्हणून ते जास्त खरं वाटतं.

लक्ष्मण देशपांडे २००९ च्या फेब्रुवारीत गेले.  ‘वऱ्हाड’ त्यांच्याबरोबर संपेल, असं अनेकांना वाटलं असणार, कारण ते लिहिलंच होतं एका गळ्यासाठी. तसं झालं नाही. ते पुढे नेलं संदीप पाठक या नटाने, आणि हा नट बीड जिल्ह्यातला, माजलगावचा. सिंदफणेच्या काठचं हे तालुक्याचं गाव. पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकलेला, ‘एक हजाराची नोट’, ‘रंगा पतंगा’ अशा चित्रपटांत गावाकडची माणसं जिवंत करणारा हा नट ‘वऱ्हाड’ला हवा तसाच होता. दुसऱ्या कोणाला ही बोली शिकून बोलावी लागली असती. पाठकांना तिच्यातले बारकावे घरातूनच मिळालेले. काकूचा सूर कुठे चढतो, म्हातारा वाक्य अर्धं सोडून गप्प का बसतो, हे त्यांच्या प्रयोगात हिशेबाने आलेलं वाटत नाही. परदेशातल्या मराठी माणसांसमोरही त्यांनी तो केला आहे. ज्यांच्या आईवडिलांनी खरोखर असा पहिला विमानप्रवास केला, त्या मुला-मुलींनी भरलेल्या सभागृहात हा प्रयोग वेगळाच लागत असणार.

बीड जिल्ह्याचा प्रवासाशी असलेला खरा संबंध मात्र हसण्याचा नाही, आणि ‘वऱ्हाड’चं मोल जोखताना तो बाजूला ठेवता येत नाही. दरवर्षी दसरा उलटला की इथली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, लेकरं, म्हातारी आणि शेळी. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत फिरायचं नसतं. निघण्याचं ज्ञान या जिल्ह्याइतकं फार थोड्या ठिकाणी असेल: काय बरोबर घ्यायचं, कोणाला मागे ठेवायचं, दाराला कुलूप घालताना शेजाऱ्याला काय सांगून जायचं. अशा माणसांसमोर वऱ्हाड लंडनला निघतं, तेव्हा ते आयुष्यात एकदा हौसेने निघालेलं असतं. कर्ज फेडायला निघालेलं नसतं. पोट धरून हसणाऱ्या त्या प्रेक्षकाला हा फरक रंगमंचावरच्या नटाइतकाच ठाऊक असतो.

मराठी सिनेमाने यातून एक गोष्ट उचलावी, असं मनापासून वाटतं. परदेशवारीच्या चित्रपटाचा बहुतेक पैसा परदेशातल्या चित्रीकरणात जातो, आणि मग पाच-सहा दिवसांत उरकलेलं लंडन पडद्यावर येतं. १९७० च्या जपानी तोराने हवाईचा खर्च शून्यावर आणला होता. देशपांड्यांनी तर विमानही हातवाऱ्यांतून उडवलं. माजलगावच्या स्टँडवरून निघालेल्या एका घराची गोष्ट बीड, चिकलठाणा, मुंबईचा मुक्काम, नातेवाइकाच्या दोन खोल्यांत काढलेली रात्र आणि विमानतळावर वजन जास्त भरल्यामुळे उघडावी लागलेली पिशवी एवढ्यात दोन तास सहज रंगेल. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लेकीसाठी नेलेली गोधडी असेल. त्यातलं काय काढायचं यावर काउंटरसमोर घरच्यांत जे भांडण पेटेल, ते लिहायला लेखक मराठवाड्यात आहेत, करायला नटही आहेत. हीथ्रो शेवटच्या दहा मिनिटांत आला तरी चालेल.